पथारीचं अत्तर

४ जानेवारी २०२५, नंदुरबार

निवृत्त होऊन बारा वर्षं झाली. एवढ्या काळात भाजीच्या यादीपलीकडे मी काही लिहिलं नाही. आज वही काढली.

दुपारी रिषभ आला. मिरचीवाल्या लालचंदशेठचा नातू. याच्या बापाला मी आठवीत मराठी शिकवलं. हा इंग्रजी शाळेतला, पण मला सर म्हणतो. मुंबईला जाऊन सुगंध बनवायचं शिकून आलाय आणि वर्षभर आजोबांच्या गोदामामागच्या खोलीत काचेच्या नळ्या मांडून बसलाय. खिशातून बोटभर उंचीची बाटली काढून टेबलावर ठेवली. वर चिकटपट्टी, त्यावर ७.

"सहा फेकल्या सर. ही सातवी. मिरचीचा परफ्यूम."

मला हसू आलं. तो मात्र हसला नाही. याला निश परफ्यूम म्हणतात, तो म्हणाला, थोड्याच लोकांसाठी, थोडाच केलेला. नाव ठेवलंय 'पथारी'. आपल्या गावाबाहेर मैलभर लाल मिरची वाळत पडते ती पथारी आता खोक्यात बसून पॅरिसला जाणार म्हणे.

"चाळीस दिवस लावा. पहिल्या तासाला कसा वाटतो, संध्याकाळी कसा, दुसऱ्या दिवशी कपड्यावर काय उरतं, ते कागदावर लिहून द्या. आणि खोक्यावर छापायला दोन ओळी पाहिजेत, मराठीत. खाली तुमचं नाव."

चौतीस वर्षं दुसऱ्यांच्या कविता चाल लावून म्हटल्या. माझं नाव हजेरीपटाखेरीज कुठे छापून आलेलं नाही.

तो गेल्यावर मनगटावर एक फवारा मारला. आधी काळी मिरी नाकाला टोचली, मग लवंग, आणि पाचेक मिनिटांनी खालून ते आलं. तिखटपणा नव्हे. उन्हात तापलेल्या लाल सालीचा वास. तापीकाठच्या आमच्या घराचं धाबं, म्हणजे मातीचं सपाट छप्पर, माझी आई पदराने तोंड बांधून मिरच्या उलटतेय, आणि मी सावलीत पाटी घेऊन कविता घोकतोय. साठ वर्षांत आई इतकी जवळ आली नव्हती.

माझी बायको नर्मदा दारात उभी राहिली, पदर नाकाला.

"काय शे हाई?"

"अत्तर. मिरचीचं."

"गावमा मिरची कमी शे का, आते आंगले बी लावतस?"

आणि खोकली. तिला दमा आहे, वीस वर्षांचा. सकाळ-संध्याकाळ पंप घेते. शिवाय आता सीझन. पथाऱ्यांवरून वारा फिरला की डिसेंबर ते मार्च सगळं गाव ठसकत असतं. आमच्याकडे ठसक्याला कुणी आजार म्हणत नाही.

मी म्हटलं, नर्मदे, तुझ्यात रसिकता नाही. "नही शे," ती म्हणाली आणि स्वयंपाकघरात गेली.

७ जानेवारी

आज तीन फवारे. मनगट, मान, रुमाल.

रिषभच्या कागदावर लिहिलं: पहिला तास उग्र, दुसरा गोडसर, चौथ्या तासाला ओल्या चामड्यासारखा. जे लिहिलं नाही ते असं, की चौथ्या तासाला मला शनिवारची सकाळची शाळा ऐकू आली. चाळीस पोरं एका लयीत डोलतायत, आणि मागच्या बाकावरचा धुडकू नुसतेच ओठ हलवतोय. त्याला कविता पाठ झाली नाही म्हणून मी उन्हात उभं केलं होतं. धुडकू आता कुठे असेल.

नर्मदा रात्रभर उशाला टेकून बसून होती असं सकाळी म्हणाली. वाऱ्याची दिशाच वाईट आहे.

११ जानेवारी

वास उतरल्यासारखा वाटतो. बाटलीत काही बिघडलं का म्हणून रिषभला फोन केला. तो म्हणाला, "नाकाला सवय होते सर. तुम्हाला येत नाही, पण बाकीच्यांना येतो."

बाकीच्यांचं मला काय करायचंय. मला आई पाहिजे. पाच केले.

१४ जानेवारी, संक्रांत

लेक रोहिणी आली. चिंचपाड्याच्या शाळेत शिकवते, एका दिवसाची सुट्टी होती. माझ्या घरात प्रमाण मराठी बोलायची हा नियम मी ती दोन वर्षांची असताना घातला. तो ती अजून माझ्याशी पाळते, आईशी मोडते. नर्मदेने कधीच पाळला नाही. फक्त माझ्याशी कमी बोलू लागली.

तिळगूळ देताना रोहिणीने नाक वर केलं. "नाना, कसला वास आहे हा? किती उग्र आहे."

मी सांगायला लागलो, पण मध्येच नर्मदा म्हणाली, "ऱ्हाऊ दे वं माय. तुन्हा नानासनं काम शे ते. बारा वरीस खुर्चीवर बशी ऱ्हायनात. आते देख, कसा हसतस."

"तुले तरास व्हस ना पन?" रोहिणीने तिला विचारलं.

"मिरचीना सीझन शे. सगळासले व्हस."

मग दोघी मागच्या ओट्यावर जाऊन बसल्या आणि अंधार पडेपर्यंत तिथेच बोलत राहिल्या. आई-लेकीचं काय एवढं असतं. मी पुढच्या खोलीत एकटाच होतो. ओळी काही सुचल्या नाहीत. पाडव्याच्या, श्रावणाच्या, आंब्याच्या ओळी हजार पाठ आहेत. मिरचीवर कुणी काही लिहून ठेवलेलं नाही.

१९ जानेवारी

मिळाल्या.

सकाळी सहा फवारे मारून मी नर्मदेकडे चहा मागायला गेलो. ती ओट्याला धरून उभी होती, कप हातात, आणि माझ्याकडे न बघता म्हणाली, "हाऊ वास गया धरस. धरस ते सोडस नही."

गया म्हणजे गळा. मी जागच्या जागी थांबलो. चार पुस्तकं न वाचलेली बाई. वास नाकाला येतो, डोक्यात जातो, एवढंच आपण लिहितो. वासाला हात आहेत, तो गळा धरतो, हे मला सत्तर वर्षांत सुचलं नाही. तिला म्हटलं, पुन्हा म्हण. ती म्हणाली, "काय पुन्हा? गया धरस, सांगी ऱ्हायनी ना मी."

मी कागद शोधायला पळालो.

*गळा धरतो, मग सोडत नाही.*
*हा आमच्या पथारीचा वास.*

रिषभला पाठवलं. लगेच फोन. "सर, हेच पाहिजे होतं. फायनल." त्याला सांगावंसं वाटलं की पहिली ओळ माझ्या बायकोची आहे. खोक्यावर दोन नावं बरी दिसणार नाहीत म्हणून राहिलं. तिला नंतर सांगेन. तिलाही आनंदच होईल.

२२ जानेवारी

दोन दिवस नर्मदा मागच्या ओट्यावर खाट टाकून झोपतेय. जानेवारीची थंडी, आणि पथारी तिथून तीन शेतं लांब. लाल धूळ सरळ अंगावर. मी विचारलं, हा काय वेडेपणा?

"माले भायेर बरं वाटस. हवा शे."

"हवा नाही बाई ती, मिरची आहे."

मी आयुष्यात घरातलं काम केलं नाही, हे कबूल. आज केलं. जुनी धोतरं फाडून ओली केली, खिडक्यांच्या फटींत कोंबली. मागचं दार लावून घेतलं, खाली पोतं सरकवलं. मग खाट आत आणली. खोलीला दमट कुबट वास यायला लागला म्हणून पडद्यांवर अत्तर मारलं. नर्मदा भिंतीशी उभी राहून बघत होती. मी दमलो तेव्हा तिने पाणी आणून दिलं.

"इतलं कशाले करतस?" ती म्हणाली.

"तुझ्यासाठीच ना."

ती खाटेवर येऊन बसली.

२७ जानेवारी

महिनाभर पुरणारा पंप बारा दिवसांत संपला. मी म्हटलं, तू दाबतेस तरी कसा? नीट शीक. ती हल्ली बोलतच नाही. जिना चढल्यासारखी दोन शब्दांनी थांबते.

जेवणं झाली की शेजारच्या जागृतीकडे जाते आणि चार वाजेपर्यंत येत नाही. जागृती तिशीची पोर, हिची काय मैत्री? मला जरा लागलं. या वयात मी घरी असताना तिला शेजार गोड वाटावा.

आठ फवारे होतात आता, पडदे धरून. तरी आई येते आणि पटकन जाते. आधी तासभर थांबायची.

३० जानेवारी

सकाळी नर्मदेचे ओठ निळे पडले. मी वाचत होतो. जागृतीने हाक मारली तेव्हा बघितलं. तिने रिक्षा आणली, स्टेशनजवळच्या दवाखान्यात नेलं. नळी, सुई, वाफ. रोहिणी दुपारपर्यंत पोहोचली.

डॉक्टरांनी विचारलं, "घरात धूर? डासांची कॉइल, अगरबत्ती, सेंट, फिनेल?"

मी म्हटलं, अगरबत्ती फक्त गुरुवारी. सेंट आम्ही वापरत नाही. मिरचीचा सीझन आहे, घर पथारीला लागून आहे.

"या दिवसांत रांगच असते," ते म्हणाले आणि लिहून घेतलं.

नर्मदा नळीच्या आडून माझ्याकडे बघत होती. डोळे मोठे. मी तिच्या पायावर हात ठेवला.

सेंट म्हणजे ते बाजारातलं, लग्नात फवारतात ते. हे वेगळं. हे काम आहे. म्हणून ते सांगायचा प्रश्न आला नाही.

१ फेब्रुवारी

दोन दिवस मी दवाखान्यातच, अंगात तेच कपडे, अत्तर घरी. तिसऱ्या दिवशी नर्मदा उठून बसली. नळी काढली. मोसंबी खाल्ली, आणि रोहिणीला म्हणाली, तुन्हा बाप घोरस कसा, बठ्ठा दवाखाना जागा ऱ्हास. रोहिणी हसता हसता रडली. मीही हसलो. ती इतकं सलग बोलल्याला महिना झाला असेल.

दुपारी मी घरी जाऊन अंघोळ केली. रिषभ दारातच उभा होता, खोक्याचा नमुना घेऊन. काळा पुठ्ठा, त्यावर लाल अक्षरांत माझ्या ओळी, खाली माझं नाव, दोधू पाटील. धुतलेला शर्ट घातला, आणि प्रसंगच तसा म्हणून भरपूर अत्तर लावलं.

रोहिणी औषधं आणायला गेली होती. मी खाटेजवळ बसून खोकं नर्मदेच्या हातात दिलं, वाचून दाखवलं. "ओळखलंस? तुझंच वाक्य आहे."

तिने अक्षरांवरून बोट फिरवलं. मग चेहरा भिंतीकडे केला.

"शर्ट बदलीसन या ना," ती म्हणाली.

"अगं, आत्ताच धुतलेला घातलाय."

"बदलीसन या."

आजारी माणसाचा हट्ट. दुसरा शर्ट आणायला मी घरी गेलो. परत आलो तोवर पुन्हा नळी लागली होती. डॉक्टर म्हणाले, असं होतं, वर-खाली. रोहिणी म्हणाली, मी गेले तेव्हा तर ठीक होती.

४ फेब्रुवारी

घरी सोडलं. रोहिणी म्हणत होती, मायला चिंचपाड्याला नेते थोडे दिवस. मी म्हटलं, नवरा असताना लेकीकडे? लोक काय म्हणतील? शिवाय माझं जेवणाचं काय? रोहिणीने दोनदा विचारलं, "माय, तूच सांग." ती म्हणाली, "घर जासू. आखो आठ दिननीच गोट शे." कसले आठ दिवस ते मला कळलं नाही. रोहिणी संध्याकाळच्या गाडीने गेली, शनिवारी येते म्हणाली.

मी आधीच येऊन घर तयार केलं होतं. फटी पुन्हा बुजवल्या, चादरी बदलल्या, वास असावा म्हणून खोलीभर मारलं. बाटली तळाला आलीय.

ती उंबऱ्यावर थांबली. हात चौकटीला.

"जागृतीकडे बशी येऊ का थोडीशी?"

"आजारातून उठलेल्या माणसाने लोकांच्या घरी बसू नये. आत ये. बाहेर मिरची उडतेय."

आत आली.

५ फेब्रुवारी

सकाळी साडेआठला. रिक्षात. स्टेशन दिसत होतं.

१८ फेब्रुवारी

तेरावं काल झालं. आज पाहुणे गेले. रोहिणी आहे.

रिषभ येऊन गेला. डोक्यावर रुमाल, पायाला हात लावला, खाली बसून राहिला. कामाचं काही बोलला नाही. जाताना एवढंच, "सर, चाळीस दिवस झाले. कागद सावकाश द्या." मी कॅलेंडर बघितलं. बारा तारखेलाच झाले.

मग जागृती आली, ताटात भाकरी झाकून. इथे बायका दुःखाच्या घरी बसल्या की गेलेल्या माणसाचं चांगलं चांगलं बोलतात. तशी ती बोलायला लागली.

"काकू तुमले लई जपेत सर. रोज दुपारे मन्हा वाडामा बशेत, लिंबना खाले. श्वास मोकळा करेत. मी म्हने, काकू, सरसले सांगी टाका ना, ह्या वासमुळे व्हस तुमले. काकू म्हनेत, नही वं, पहिलीच येळ त्यासनं नाव छापाई ऱ्हायनं. चाळीस दिननं काम शे. मोजी ऱ्हायनी मी. आखो पंधरा दिन, काढी लिसू."

बोलता बोलता ती थांबली. माझ्याकडे बघितलं, मग रोहिणीकडे. ताट ठेवलं आणि काहीतरी पुटपुटून उठली.

रोहिणी उंबऱ्याकडे पाठ करून बसली होती. मग उठून खिडकीपाशी गेली, फटीतलं वाळलेलं धोतर बोटाने ओढून काढलं, नाकाशी नेलं. मी तिच्या हाताकडे बघत होतो.

"नाना," तिने विचारलं, "दिवसातून किती वेळा मारायचात?"

शाळेत मी पोरांना खोटं बोलल्याबद्दल फार मारलं आहे. धुडकूला तर दोनदा.

"एकदा," मी म्हणालो. "सकाळी. मनगटावर थोडंसं."

"घरात? पडद्यांना वगैरे?"

"नाही."

तिचे खांदे सैल पडले. ती माझ्याजवळ येऊन खाली बसली, माझ्या गुडघ्यावर डोकं टेकलं, आणि पहिल्यांदाच मोठ्याने रडली. "मग त्याने नाही झालं," ती म्हणत होती. "एवढ्याशाने नाही होत नाना. मी उगाच... मला वाटलं, संक्रांतीला मलाच कळायला हवं होतं. वास आला होता मला. मी माझ्या मायला इथे ठेवून गेले." मी तिच्या केसांवरून हात फिरवत राहिलो. सीझन आहे, मी म्हणालो. सगळ्या गावाला होतं.

आता ती आतल्या खोलीत पडली आहे, डोळा लागलाय. गेल्या तेरा दिवसांत तिला झोप नव्हती. झोपू दे. मी जे सांगितलं त्याने तिला झोप आली, हेही खरं आहे.

आणखी एक. चार तारखेला नर्मदा दवाखान्यातून यायच्या आधी मी खोलीभर मारलं असं वर लिहिलंय. खोलीभर झाल्यावर बाटलीत जे उरलं होतं ते मी तिच्या उशीवर मारलं. दोन्ही बाजूंनी. ते त्या दिवशी लिहायचं राहिलं, असं लिहिणार होतो. राहिलं नव्हतं. लिहिता लिहिता हात थांबला होता, आणि मी पुढच्या ओळीला गेलो होतो.